घट्ट झाकण आणि सैल झाकण

सणाचे दिवस जवळ आले, की गावोगावच्या स्वयंपाकघरांतून भट्टीची चर्चा सुरू होते. कोणाच्या घरी विजेची छोटी भट्टी आलेली असते, कोणी आपले केकचे भांडे अजूनही पावभट्टीवर पाठवितो, तर कोणी जाड बुडाच्या पातेल्याच्या झाकणावर निखारे ठेवून आपले काम भागवितो. पाककृतीच्या वहीत मात्र ह्या सर्वांना एकच आज्ञा वाचावयास मिळते, "वर अॅल्युमिनियमचा कागद लावून भाजावे." आणि पुढल्याच पानावर दुसऱ्या पदार्थाविषयी तितक्याच ठामपणे लिहिलेले असते, "झाकू नये." हे असे का, ते वही सांगत नाही.

ज्या गृहिणीला केवळ आज्ञा ठाऊक आहे पण तिचे कारण ठाऊक नाही, तिची अडचण पदार्थ बिघडू लागल्यावर होते. भट्टी बदलली, भांडे बदलले, केक नेहमीपेक्षा मोठा झाला, म्हणजे वहीतील मिनिटांचा हिशेब चुकतो. वरून काळा आणि आतून ओला असा केक भट्टीतून बाहेर येतो. त्यात घातलेली अंडी, लोणी, काजू, मनुका ही वर्षातून एकदा पैसे साठवून आणलेली असतात. पाहुणे दारात उभे असतात. मग कोणी भट्टीला दोष देतो, कोणी अंड्यांना, आणि बहुतेक वेळा सगळा दोष घरातील ज्या बाईने दिवसभर राबून तो केक केला तिच्याच माथी येतो. म्हणून ह्या चंदेरी कागदाचे नेमके काम काय, हे आज जरा सविस्तर पाहू.

झाकणाची कामे दोन आहेत. पदार्थातील ओलावा बाहेर जाऊ न देणे हे पहिले, आणि वरून येणारी प्रखर आच पदार्थाच्या माथ्यावर पडू न देणे हे दुसरे. पहिल्या कामासाठी झाकण घट्ट असावे लागते, दुसऱ्यासाठी ते सैल असावे लागते. वाचकांनी एवढे एकच सूत्र ध्यानात ठेवले, तरी वहीतील बहुतेक आज्ञांचा उलगडा त्यांचा त्यांनाच होईल.

ही विद्या मात्र नवी नव्हे, नवा आहे तो केवळ कागद. हैदराबादकडील आमचे वाचक बिर्याणीच्या हंडीचे तोंड मळलेल्या कणकेने कसे बंद करतात, ते पाहतच असतील. वाफेला बाहेर वाट उरत नाही, आणि तांदूळ व मांस आपल्याच वाफेत शिजतात. गुजरातेत उंधियूचे मडके पालथे घालून त्याच्याभोवती विस्तव पेटवितात. रायगड जिल्ह्यात पोपटीच्या मडक्यात वालाच्या शेंगांभोवती भांबुर्ड्याचा पाला दाबून भरतात. पाण्याचा थेंब न घालता शेंगा शिजतात, कारण पाल्यातील ओलावाच त्यांना पुरतो. गोव्यात १५ ऑगस्टच्या मरियेच्या सणाला पातोळ्या होतात, त्याही हळदीच्या पानांत गुंडाळूनच उकडतात. पान, कणीक, मडके आणि चंदेरी कागद ही एकाच कुळातील भावंडे होत. फरक इतकाच, की पानाचा सुवास पदार्थाला लागतो, आणि कागदाला स्वतःचा असा गुण कोणताच नाही.

आता पहिल्या कामाकडे वळू. ओला सदरा वाऱ्यात अंगावर ठेवला तर थंडी वाजते, आणि मातीच्या माठातले पाणी उन्हाळ्यातही गार राहते, हा सर्वांच्या अनुभवातला भाग आहे. पाणी वाफ होऊन उडून जाताना आपल्याबरोबर पुष्कळ उष्णता घेऊन जाते, हे त्याचे कारण. ही उष्णता किती, ते आकड्यांत पाहिले म्हणजे आश्चर्य वाटते. घरातले साधे, ३० अंशांचे एक ग्रॅम पाणी उकळीपर्यंत आणावयाचे तर ७० कॅलरी उष्णता लागते. परंतु तेच उकळते पाणी पुरते वाफेत बदलावयाचे तर आणखी सुमारे ५४० कॅलरी लागतात, म्हणजे जवळजवळ आठपट.

भट्टीत उघडे ठेवलेले मांस ह्याच नियमात सापडते. भट्टीतील हवा १८० अंश तापलेली असली, तरी मांसाच्या ओल्या पृष्ठभागावरून पाणी सारखे उडत असते आणि त्यापायी त्याला मिळालेली बरीच उष्णता खर्ची पडते. भट्टी तापविते आणि उडणारे पाणी निवविते, अशी ही ओढाताण चाललेली असते. तिच्यात दोन्हीकडून नुकसान होते. वेळ अधिक जातो आणि मांस कोरडे पडते.

वर कागद घट्ट लावला, त्याच्या कडा भांड्याच्या काठाभोवती दाबून बसविल्या, की चित्र पालटते. उडालेली वाफ आतच कोंडते. ती तुलनेने थंड अशा मांसावर जाऊन पुन्हा पाणी होते, आणि जी उष्णता घेऊन ती उडाली होती तीच त्याला परत देते. त्यामुळे झाकलेला ओला पदार्थ उघड्यापेक्षा लवकर तापतो. झाकले म्हणजे आच लागणार नाही आणि उशीर होईल, अशी पुष्कळांची समजूत असते. मांस, बटाटे, भात अशा ओल्या पदार्थांच्या बाबतीत ती खरी नाही.

चिवट मांसाला ह्या झाकणाची गरज विशेष असते. जनावराच्या ज्या अवयवांना अधिक श्रम पडतात, जसे खांदा आणि पाय, त्यांच्या मांसात चिवट तंतू फार असतात. हे तंतू ओलाव्यात आणि सावकाश मिळालेल्या उष्णतेत विरघळून मऊ होतात. पायांचा रस्सा थंड झाल्यावर थिजतो, तो ह्याच विरघळलेल्या तंतूंमुळे. हे काम सुमारे ७० अंशांच्या पुढे सुरू होते आणि त्याला तास-दोन तास लागतात. तेवढा वेळ मांस उघडे राहिले तर तंतू विरघळण्याआधीच वरचा भाग सुकून चामड्यासारखा होतो. घट्ट झाकणाखाली मात्र धीराने वाट पाहता येते.

मग प्रश्न येतो, की झाकण इतके गुणकारी असेल तर ते शेवटपर्यंत का ठेवू नये? ह्याचे उत्तर पदार्थाच्या रंगात आणि वासात आहे. भाजलेल्या कोंबडीची तांबूस कातडी, पावाचा खरपूस पापुद्रा, केकच्या माथ्याचा बदामी रंग ही सारी एकाच रासायनिक क्रियेची लेकरे. प्रथिने आणि साखर एकत्र तापली म्हणजे त्यांच्यातून शेकडो नवे सुवास व रंग निर्माण होतात. लुई कामिय मायार ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ साली ह्या क्रियेचे वर्णन केले, म्हणून ती आज त्याच्याच नावाने ओळखली जाते. ही क्रिया जोमाने होण्यास १४० अंशांच्या आसपास उष्णता लागते. परंतु जोवर पृष्ठभाग ओला आहे, तोवर त्याची उष्णता पाण्याच्या उकळीच्या, म्हणजे १०० अंशांच्या, फारशी पुढे जात नाही. उकडलेल्या कोंबडीला कधी तांबूस रंग येत नाही, तो ह्यामुळेच.

म्हणून घट्ट झाकणाखाली पदार्थ शिजतो, मऊ होतो, पण फिकटच राहतो. रंग हवा असेल तर झाकण काढून पृष्ठभाग सुकू द्यावा लागतो. आधी झाकून शिजविणे आणि मग उघडून भाजणे, असा हा दोन पायऱ्यांचा जिना आहे. माळव्यातील आमच्या वाचकांना हा जिना परिचयाचा आहे. बाफले आधी पाण्यात उकडतात आणि मगच आचेवर भाजतात, म्हणून ते आतून मऊ आणि वरून खरपूस होतात. बेत तोच, केवळ साधन निराळे.

दीड किलोची अखखी कोंबडी घेतली, तर १८० अंशांवर तिला साधारण सव्वा ते दीड तास लागतो. पहिला एक तास ती घट्ट झाकावी, आणि शेवटची वीस-पंचवीस मिनिटे कागद काढून तिच्या अंगावर भांड्यातील तूपरस शिंपडून तिला रंग येऊ द्यावा. ती शिजली की नाही हे रंगावरून ठरवू नये. मांडीच्या सर्वांत जाड भागात, हाडाला न लागता, सुई-तापमापक खोचला असता त्याने ७४ अंश दाखविले पाहिजेत. तापमापक नसेल तर तेथे सुरी खोचून पाहावी. रस स्वच्छ यावा आणि हाडाजवळचे मांस कच्चे दिसू नये. बाहेर काढल्यावर दहा मिनिटे कागद नुसता वरून टाकून कोंबडी स्वस्थ ठेवावी. ह्या वेळी मात्र कागद दाबून बसवू नये, नाही तर कोंडलेली वाफ मोठ्या कष्टाने आणलेली खरपूस कातडी पुन्हा लिबलिबीत करून टाकील.

येथून आपण झाकणाच्या दुसऱ्या कामाकडे येतो. हे काम छत्रीचे आहे. भट्टीत पदार्थाला उष्णता तीन वाटांनी मिळते. तापलेल्या भांड्याच्या स्पर्शाने, तापलेल्या हवेने, आणि लालबुंद तारेपासून किंवा तापलेल्या घुमटापासून सरळ येणाऱ्या उष्ण किरणांनी. उन्हात उभे राहिले की हवा फारशी तापलेली नसतानाही चटका बसतो, तो ह्या तिसऱ्या प्रकारचा. विजेच्या लहान भट्टीत वरची तार केकच्या माथ्यापासून चार बोटांवर असते. फुगणारा केक तर तिच्या आणखी जवळ जातो. लाकडाच्या भट्टीचा घुमटही असाच वरून आच टाकीत असतो. पावाला ही आच मानवते, कारण पाव लहान असतो आणि थोड्याच वेळात भाजून निघतो. पण सुकामेव्याचा जाड केक मंद आचेवर दीड ते दोन तास भाजावा लागतो. त्यात साखर अधिक, मनुका अधिक, म्हणून तो लवकर करपतो. त्याचे पोट शिजण्याआधीच माथा काळवंडतो.

चमकदार अॅल्युमिनियम आपल्यावर पडलेल्या उष्ण किरणांपैकी शेकडा ९५ च्या आसपास मागे परतवून लावतो. त्यामुळे केकवर त्याचे छत धरले, की वरचा चटका थांबतो, पण सभोवतीची तापलेली हवा आणि तापलेले भांडे आपले काम करीतच राहतात. माथ्याला विश्रांती मिळते आणि पोटाला शिजण्यास अवधी मिळतो.

केकवर हे छत कसे धरावे, ह्यालाही पद्धत आहे. आरंभीच झाकण घालू नये, कारण ओले पीठ फुगून कागदाला चिकटते आणि कागद काढताना माथाच उपटून येतो. त्याचप्रमाणे पहिल्या अर्ध्या वेळात भट्टीचे दार शक्यतो उघडू नये. केकचा सांगाडा अजून धरलेला नसतो. थंड हवा लागली की तो मध्यभागी बसतो. निम्म्याहून अधिक वेळ गेला, माथ्याला हवा तसा रंग आला, आणि काडी खोचली असता ती ओली येते असे दिसले, की मग झाकण्याची वेळ झाली असे समजावे. कागदाचा तुकडा मधोमध दुमडून घराच्या छपरासारखा करावा आणि केकवर अलगद ठेवावा. कडा दाबू नयेत. वाफेला दोन्ही बाजूंनी वाट राहिली पाहिजे, नाही तर ती कागदाला लागून थेंबांच्या रूपाने केकवरच टपकते आणि माथा चिकट होतो. कागद विजेच्या तारेला टेकणार नाही आणि पंख्याच्या भट्टीत उडून तारेवर जाणार नाही, हेही पाहावे. झाकल्यानंतर केकला दहा-पंधरा मिनिटे अधिक लागली, तर घाबरण्याचे कारण नाही. छायेत बसलेल्याला ऊन कमी लागणारच.

काही पदार्थ मात्र झाकणाचे वैरीच म्हणावे लागतील. बिस्किटे, नानकटाई, कडक पाव ह्यांचा सगळा मान त्यांच्या कोरडेपणात आहे. त्यांना झाकणे म्हणजे त्यांचा गुणच काढून घेणे होय. आणि गोव्याच्या बेबिंक्याचे तर सारे रहस्य वरच्या आचेत आहे. पिठाचा, नारळाच्या रसाचा आणि अंड्यांच्या बलकाचा एक पातळ थर घालावयाचा, त्याला वरून आच देऊन तांबूस रंग आणावयाचा, मग तूप सोडून दुसरा थर घालावयाचा, असे परंपरेने सात थर करतात. निखारे वर ठेवलेले पत्र्याचे झाकण हे ह्या पदार्थाचे जुने साधन. ते झाकण असले तरी त्याचे काम छत्रीच्या अगदी उलट आहे; ते आच अडवीत नाही, उलट आच देते. बेबिंक्याला २०२३ साली गोव्याचा भौगोलिक निर्देशांक मिळाला. त्यावर चंदेरी कागद घातला तर थरांचा रंग येणार नाही, आणि रंगाचे पट्टे नसलेला बेबिंका हा बेबिंकाच नव्हे.

आता थोडे ह्या कागदाविषयी. लाल डोंगरमातीत सापडणाऱ्या बॉक्साइट नावाच्या दगडापासून अॅल्युमिना आणि अॅल्युमिनापासून विजेच्या साहाय्याने अॅल्युमिनियम होतो. बॉक्साइट कोल्हापूर जिल्ह्यातील डोंगरमाथ्यांवर आहे आणि बेळगावात अॅल्युमिनाचा कारखाना आहे, तेव्हा ही वस्तू आमच्या पुष्कळ वाचकांच्या शेजारचीच म्हणावयास हरकत नाही. १८८६ साली अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू ह्या दोघांनी, एकमेकांना न कळत, विजेने हा धातू काढण्याची स्वस्त रीत शोधली. त्यापूर्वी तो फार महाग होता. १९१० साली स्वित्झर्लंडमध्ये त्याचे पातळ पत्रे लाटण्याचा उद्योग सुरू झाला, आणि तत्पूर्वी वापरात असलेला कथलाचा कागद हळूहळू मागे पडला. घरगुती कागद मिलिमीटरच्या साठाव्या ते नव्वदाव्या भागाएवढा पातळ असतो. हा धातू ६६० अंशांवर वितळतो, आणि घरातील भट्टी २५० च्या आसपास थांबते. तेव्हा भट्टीत तो वितळेल ही भीती नको.

त्याची एक बाजू चकचकीत आणि दुसरी फिकी का, आणि कोणती बाजू बाहेर ठेवावी, ह्यावर घराघरांत वाद होतात. कारखान्यात शेवटच्या लाटणीच्या वेळी दोन पत्रे एकावर एक ठेवून रुळांतून काढतात, कारण एकटा पत्रा इतका पातळ लाटताना फाटतो. जी बाजू गुळगुळीत रुळाला लागते ती चकाकते, आणि जी दुसऱ्या पत्र्याला लागते ती फिकी राहते. स्वयंपाकाच्या दृष्टीने दोन्ही बाजू सारख्याच. पदार्थ चिकटू नये म्हणून मुद्दाम लेप दिलेला कागद असेल, तर मात्र वेष्टनावरील सूचना वाचावी.

येथवर कागदाचे गुण झाले. आता त्याचा एक दोष सांगितला पाहिजे, आणि आमच्या घरांतील जेवणाची रीत पाहता तो विशेष महत्त्वाचा आहे. अॅल्युमिनियमच्या अंगावर हवेने एक अतिसूक्ष्म कवच चढलेले असते, आणि त्याच्याच जोरावर तो टिकतो. आंबट आणि खारट पदार्थ हे कवच खातात. व्हिनेगर, चिंच, कोकम, टोमॅटो, लिंबू ह्यांपैकी काहीही मिठासह कागदाला लागून तापत राहिले, की धातूचा अंश पदार्थात उतरतो. पोलादी भांड्यात आंबट रस्सा ठेवून वरचा कागद रश्शाला टेकला, तर काही तासांत त्या कागदाला बारीक भोके पडलेली दिसतात. पोलाद, अॅल्युमिनियम आणि आंबट-खारट रस मिळून एक लहानशी विजेची बॅटरीच तेथे तयार होते, आणि तिच्यात कागद झिजतो.

जर्मनीतील सरकारी जोखीम-मूल्यमापन संस्थेने २०१७ साली लेप नसलेल्या अॅल्युमिनियमच्या ताटल्यांत आंबवलेल्या कोबीचा रस, सफरचंदाचा गर आणि टोमॅटोचा गर ठेवून तपासणी केली. तेव्हा किलोमागे ५ मिलिग्रॅम ही जी मर्यादा युरोपात धरली जाते, ती ओलांडली गेल्याचे आढळले. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २००८ साली असे ठरविले, की माणसाच्या पोटात आठवड्याला त्याच्या वजनाच्या प्रत्येक किलोमागे १ मिलिग्रॅमहून अधिक अॅल्युमिनियम जाऊ नये. म्हणजे ६० किलोच्या माणसाला ६० मिलिग्रॅम, आणि २० किलोच्या मुलाला २०. धान्य, चहा, भाजी ह्यांतूनही तो थोडाफार येतच असतो. शरीर त्याला मूत्रपिंडावाटे बाहेर टाकते. म्हणून ज्यांची मूत्रपिंडे दुबळी आहेत त्यांनी आणि लहान मुलांच्या पालकांनी विशेष जपावे. वर्षातून दोन-चार वेळा कागद वापरल्याने कोणी आजारी पडेल, असे आम्ही म्हणत नाही. परंतु जे सहज टाळता येते ते टाळावे, एवढेच आमचे सांगणे.

आणि टाळणे फार सोपे आहे. व्हिनेगरचा लाल मसाला भरलेली मासळी भट्टीत भाजावयाची असेल, तर ती आधी केळीच्या पानात गुंडाळावी आणि मग वरून कागद लावावा. पान मासळीला जपते, कागद पानाला जपतो, आणि पानाचा सुवास तो वेगळाच. केळ नसेल तर दुकानात मिळणारा बटर पेपर मध्ये घालावा. विंदालू, सोरपोतेल ह्यांसारखे व्हिनेगरचे पदार्थ दोन-तीन दिवस मुरवत ठेवण्याची आपल्याकडे रीत आहे. ते मातीच्या, काचेच्या किंवा चिनीमातीच्या भांड्यात ठेवून त्याच जातीच्या झाकणाने झाकावेत, कागदाने नव्हे. केक, भात, बटाटे, साधी कोंबडी ह्यांना ही अडचण नाही. तेथे कागद निर्धास्त वापरावा.

आणखी तीन सावधगिरीच्या गोष्टी थोडक्यात सांगतो. घट्ट लावलेला कागद उघडताना आधी आपल्यापासून दूरची कड उचलावी आणि तोंड बाजूला ठेवावे. आत कोंडलेल्या वाफेचा चटका उकळत्या पाण्याहून वाईट असतो, कारण ती कातडीवर पाणी होताना आपली सगळी उष्णता तेथेच सोडते. हे काम मुलांच्या हाती देऊ नये. दुसरे, मायक्रोवेव्ह भट्टीत हा कागद घालू नये, कारण तेथे ठिणग्या उडतात. त्या यंत्राच्या माहितीपुस्तकात स्पष्ट अनुमती दिली असेल तरच अपवाद. तिसरे, सांडलेले पुसावे लागू नये म्हणून कित्येकजण भट्टीच्या तळाशीच कागद अंथरतात. त्याने खालची आच अडते, कोंडते, आणि भट्टीही बिघडते.

शेवटी ज्यांच्या घरी हा कागद नाही, किंवा ज्यांना त्यावर पैसे खर्च करावयाचे नाहीत, त्यांच्यासाठी दोन शब्द. घट्ट झाकणाचे काम बसके पोलादी झाकण उत्तम करते. फट राहात असेल तर ती मळलेल्या कणकेने बुजवावी. सैल झाकणाचे काम केकच्या भांड्याहून मोठे असे दुसरे भांडे पालथे घालून होते, किंवा भट्टीच्या वरच्या जाळीवर रिकामी थाळी ठेवूनही होते. थाळीच तेव्हा छत्री होते. पावभट्टीवर केक पाठविणाऱ्यांनी आपले भांडे पावाची पहिली आच उतरल्यावर आत घालावयास सांगावे आणि सोबत एक जुनी थाळी द्यावी. वापरलेला कागद स्वच्छ असेल तर तो धुऊन, सुकवून पुन्हा वापरता येतो. फाटला तर चुरगळून भंगारवाल्याकडे द्यावा, कारण हा धातू पुन्हा वितळवून कामी आणता येतो.

भट्टीसमोर उभे राहिले म्हणजे स्वतःला दोनच प्रश्न विचारावेत. ह्या पदार्थाला ओलावा हवा आहे काय? असेल तर घट्ट झाकावे. ह्याच्या माथ्याला आता छाया हवी आहे काय? असेल तर सैल झाकावे. दोन्ही प्रश्नांचे उत्तर नकारार्थी असेल, तर कागद गुंडाळून कपाटात ठेवावा आणि पदार्थाला मोकळेपणाने भाजू द्यावे.